भूतलाखालच्या मुंग्या : शोधपद्धती आणि अभावाचा प्रश्न

एखादी वस्तू ‘नाही’, हे ज्ञान आपल्याला कशाच्या बळावर होते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील एक जुना वाद आहे. समोरच्या भूतलावर घट नाही, असे आपण म्हणतो. परंतु जे नाहीच त्याच्याशी इंद्रियाचा संबंध येणार तरी कसा? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी, आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी, यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानण्याचे नाकारले आणि अभावाचे ज्ञान प्रत्यक्षाच्या कक्षेत बसविले. मतभेद तीव्र असले, तरी एका अटीला दोन्ही पक्ष धरून आहेत. अनुपलब्धी ‘योग्य’ असावयास हवी. म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असावयास हवी. लख्ख उजेडात घट दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात तो दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शास्त्रकारांचे उदाहरण भूतलावरचे आहे. प्रस्तुत लेखात तीच अट भूतलाखाली नेऊन तपासावयाची आहे. जमिनीत राहणाऱ्या, बहुधा अंध अशा मुंग्या शोधण्याच्या पद्धती कोणत्या, त्यांपैकी कोणती काय दाखविते आणि काय झाकते, आणि जबलपूरच्या परिसरात त्या वापरावयाच्या झाल्यास कोणते पथ्य सांभाळावे, हे येथे पाहावयाचे आहे. विषय कीटकशास्त्राचा आहे. परंतु ‘सापडले नाही’ या विधानाचे ‘नाही’ या विधानात रूपांतर केव्हा करावे, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संशोधकापुढेही तितकाच उभा असतो.

१. वरून दिसणारी मुंगी

मराठी भाषेतील मुंगी ही बव्हंशी जमिनीवरची मुंगी आहे. ‘मुंगी होऊन साखर खावी’ ही म्हण स्वयंपाकघरातील निरीक्षणातून आली आहे. ‘मुंगीच्या पावलाने’ या प्रयोगामागे रांगेने चाललेली मुंगी आहे, आणि ‘मुंगीला पंख फुटणे’ या वाक्प्रचारामागे पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या मुंग्या आहेत. वारूळ हा शब्द आपण सहज मुंग्यांशी जोडतो. परंतु माळरानावरची उंच वारुळे बहुतेक वाळवीची असतात, आणि वाळवी ही मुंगी नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. म्हणजे भाषेने जे टिपले ते डोळ्यासमोर आलेले टिपले. भाषा हीदेखील एक चाळणीच आहे. तिच्या छिद्रांतून जे निसटले त्याची नोंद तिच्यात नसते.

शास्त्राचा आरंभही याहून निराळा नव्हता. दख्खनमध्ये काम करणारे लेफ्टनंट कर्नल साइक्स यांनी १८३५ साली पुण्याकडील एका धान्यसंग्राहक मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले. पावसाने भिजलेले गवताचे बी या मुंग्या बिळातून वर आणतात, उन्हात वाळवितात आणि पुन्हा आत नेतात, असे त्यांनी पाहिले होते. त्यांनी तिला दिलेले ‘प्रोव्हिडेन्स’ हे जातिनाम, म्हणजे ‘दूरदर्शी’, आजही टिकून आहे. शास्त्रात ती फायडोले प्रोव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते. येथे कोठार जमिनीखाली होते, पण त्याचा पत्ता मुंग्यांनीच वर आणून दिला. प्रश्न उरतो तो असा पत्ता न देणाऱ्या मुंग्यांचा.

२. एका मुंगीची अनेक नावे

पद्धत ज्ञानाला कसा आकार देते, याचे उत्तम उदाहरण लष्करी मुंग्यांच्या नामकरणात सापडते. डोरिलस या प्रजातीतील नर मोठा, तपकिरी, लांबट पोटाचा आणि पंखवाला असतो. तो रात्री दिव्यावर येतो. लिनिअस यांच्यापुढे १७६४ साली असा एक नर आला, तेव्हा त्यांनी त्याची गणना गांधीलमाश्यांत केली. पुढे १७९३ साली फाब्रिसिअस यांनी त्यासाठी डोरिलस हे प्रजातिनाम योजिले. याच गटातील कामकरी मुंग्या मात्र आखूड, अंध आणि आयुष्य मातीत काढणाऱ्या. त्या खोदणाऱ्याच्या हाती लागत. नर दिवा लावणाऱ्याच्या हाती. कामकऱ्यांसाठी वेस्टवुड यांनी १८३९ साली टिफ्लोपोने असे वेगळे नाव काढले. पंखहीन, प्रचंड पोटाची राणी जावामधून मिळाली तेव्हा गेर्स्टेकर यांनी १८६३ साली तिलाही डिक्थाडिया हे स्वतंत्र नाव दिले. अशा रीतीने नर, कामकरी आणि राणी यांना तीन निरनिराळी कुळनावे मिळाली, कारण तिघे तीन वाटांनी संग्रहालयात पोहोचले होते.

एनिक्टस या दुसऱ्या प्रजातीची कथा पश्चिम भारताशी निगडित आहे. शकार्ड यांनी १८४० साली नरांवरून एनिक्टस ही प्रजाती स्थापिली. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५७ साली अंध कामकऱ्यांवरून टिफ्लाटा ही दुसरी प्रजाती स्थापिली. तेहतीस वर्षे ही दोन नावे पुस्तकांत शेजारी शेजारी नांदली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांच्या शोधामुळे हे दोन्ही जीव एकच आहेत हे उघड झाले, आणि स्विस पंडित ऑग्यूस्त फोरेल यांनी १८९० साली आपल्या लेखाच्या शीर्षकातच ही दोन नावे जोडून रॉटन यांच्या शोधाचा गौरव केला. एनिक्टस रॉटनी ही जाती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हीच परंपरा पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रॉटन आणि फोरेल यांच्या लेखमालांतून चालली, आणि बिंगहॅम यांच्या १९०३ सालच्या ग्रंथात तिचे संकलन झाले.

या कथेत कोणाचे निरीक्षण चुकीचे नव्हते. दिव्याने जे दाखविले ते खरे होते, कुदळीने दाखविले तेही खरे होते. चूक झाली ती एका साधनाच्या साक्षीला पूर्ण वस्तू समजण्यात. मौखिक परंपरेतील रचना आणि पोथीतील रचना यांना दोन स्वतंत्र कवींच्या नावे लावणाऱ्या अभ्यासकाचीही चूक याच जातीची असते.

३. पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

मुंग्यांच्या सर्वेक्षणासाठी आज जगभर वापरला जाणारा प्रघात २००० साली ग्रंथरूपाने मांडला गेला. त्यात २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला एक असे २० बिंदू घेतात. प्रत्येक बिंदूपाशी एक चौरस मीटरमधील पालापाचोळा चाळून घेतात आणि काठाशी पृष्ठभागाच्या समपातळीत एक पेला ४८ तास पुरून ठेवतात. चालता चालता मुंगी पेल्यात पडते. ही पद्धत शिस्तबद्ध आहे, आणि दोन स्थळांची तुलना करावयास सोयीची आहे. परंतु तिचे दोन्ही हात पृष्ठभागावरच फिरतात. मातीत वीतभर खाली जन्मून तेथेच मरणाऱ्या मुंगीच्या बाबतीत ही पद्धत म्हणजे अंधारातला घट शोधणे होय. भूगर्भातील मुंग्यांसाठी म्हणून पुढील पद्धतींचा अवलंब करावा लागतो.

(अ) खणून पाहणे. ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत प्रामाणिक पद्धत. ठरावीक लांबी-रुंदीचा चौकोन आखून घ्यावा, आणि माती दहा दहा सेंटिमीटरच्या थरांनी काढावी. प्रत्येक थर वेगळ्या घमेल्यात घ्यावा, पांढऱ्या कापडावर अथवा पसरट परातीत थोडा थोडा पसरावा आणि ढेकळे हाताने फोडून पाहावीत. थर एकमेकांत मिसळले, तर मुंगी कोणत्या खोलीवर होती हे कायमचे हरवते. मुळांशी चिकटलेली माती झटकून टाकू नये. अ‍ॅक्रोपायगा ही पिवळसर, मंद मुंगी मुळांवरील पिठ्या ढेकणांच्या गोड स्रावावर जगते. तिची नवी राणी विवाहोड्डाणाला निघताना असा एक ढेकूण जबड्यात धरून नेते. ही मुंगी आमिषाकडे क्वचितच वळते. ती मुळापाशीच शोधावी लागते.

खणण्याचा दोष असा की, वेळ फार लागतो, क्षेत्र फार थोडे पाहून होते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सर्व अवलंबून राहते. दोन मिलिमीटरहून लहान, मातीच्याच रंगाची मुंगी थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

(आ) उष्णतेने बाहेर काढणे. इटालियन कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांनी १९०५ साली योजलेल्या नरसाळ्यात माती जाळीवर ठेवून वरून ऊब देतात. वरचा थर वाळू लागला की प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि तळाच्या बाटलीतील अल्कोहोलमध्ये पडतात. पुढे स्वीडनमध्ये टुलग्रेन यांनी त्यात विजेच्या दिव्याची योजना केली. डोळ्यांचा थकवा येथे आड येत नाही. मात्र चिकण मातीचे ढेकूळ वेगाने वाळले तर ते विटेसारखे घट्ट होते आणि आतील मंद प्राणी तेथेच कोंडून मरतात. विंकलर पिशवीत ऊब देत नाहीत. जाळीच्या थैलीत भरलेला पाचोळा कापडी पिशवीत टांगून ठेवतात आणि मुंग्या आपोआप खाली उतरतात. वीज नसलेल्या वनातही ती चालते, परंतु ती पाचोळ्यासाठी आहे. जड मातीसाठी नव्हे.

(इ) धुऊन काढणे. माती पाण्यात कालवून, मिठाचे पाणी घालून ढवळली, की मुंग्या व इतर हलके प्राणी वर तरंगतात. ते बारीक चाळणीत गाळून घेतात. जिवंत हालचालीवर ही पद्धत अवलंबून नसल्याने ती मेलेली मुंगीही दाखविते. काम किचकट आहे, आणि मुळे व काडीकचराही तितकाच वर येतो.

(ई) पुरलेले आमिष. छिद्रे पाडलेले झाकणबंद भांडे आमिषासह वीतभर अथवा अधिक खोल पुरतात आणि काही दिवसांनी काढतात. मलेशियातील साबा प्रांतात संशोधकांनी पामतेल घालून चाळणीसारखी भांडी पुरली, तेव्हा डोरिलस लेविगाटस या भूमिगत लष्करी मुंगीच्या जीवनाची प्रथमच सलग माहिती मिळाली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. लष्करी मुंगी म्हणजे सतत मुक्काम हलविणारी टोळी, अशी जी समजूत जमिनीवरच्या जातींवरून रूढ झाली होती, तिला येथे तडा गेला. या मुंगीचे जमिनीखालचे हमरस्ते दीर्घकाळ टिकतात, आणि मोठा अन्नसाठा ती पुन्हा पुन्हा येऊन वापरते, असे दिसून आले. पुढे इक्वेडोर, ब्राझील आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथेही जमिनीखालच्या सापळ्यांचे प्रयोग झाले.

आमिषाचा दोष त्याच्या स्वभावातच आहे : जो भुकेला आहे आणि ज्याला तेच अन्न रुचते, तोच येतो. साखर ठेवली तर म्हणीतली मुंगी येईल; तेलासाठी येणारी निराळी, मासळीसाठी येणारी निराळी. शिवाय एक आक्रमक जाती भांडे बळकावून बसली, तर इतरांची अनुपस्थिती ही त्या जातीची दहशत असते, त्यांचा अभाव नव्हे.

(उ) दिवा. पावसाळी रात्री पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून नर गोळा करणे ही भूमिगत मुंग्यांची अप्रत्यक्ष साक्ष होय. परंतु नर दुरून उडत येऊ शकतो. त्याच्या येण्याने जाती प्रदेशात आहे एवढे कळते. अमुक शेतात आहे हे कळत नाही.

दैवाने लाभलेल्या शोधांची उदाहरणेही बोलकी आहेत. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९९८ साली मातीच्या नमुन्यांतून मिळालेल्या दोन अपरिचित मुंग्या हरवल्या. तशी एक पुन्हा हाती लागावयास २००३ साल उजाडले. २००८ मध्ये त्या एका मुंगीवरून मार्शियालिस ही नवी प्रजातीच नव्हे, तर नवे उपकुळ स्थापावे लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियात पंचवीस मीटर खोल छिद्रात जाळी सोडून तिने भिंती खरवडल्या असता लेप्टानिलाची एक नवी जाती मिळाली; तिचे वर्णन २०२४ साली झाले. वीतभर खोलीला ‘खोल’ म्हणणाऱ्या पद्धतींनी तिला सहज ‘नाही’ ठरविले असते.

४. जबलपूरची जमीन

भारतातील मुंग्यांची २०१६ सालची राज्यवार यादी १०० प्रजाती आणि ८२८ जाती-उपजाती नोंदविते. यादी वाचताना ध्यानात ठेवावयाचे ते हे की, नोंद जेथे संग्राहक गेला तेथली असते, आणि त्याच्या हातातील साधनाला जे लागले त्याची असते.

या दृष्टीने जबलपूर हे शिकण्यासारखे स्थळ आहे. शहरात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र आहे, १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे आणि १९८८ पासूनची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे. जमीनही एकसारखी नाही. नर्मदेच्या खोऱ्यात खोल काळी माती, मदनमहालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइट आणि त्याचा मुरूम, भेडाघाटला संगमरवर आणि सभोवार सागाचे वन, अशी तिची विभागणी आहे. काळ्या मातीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात. त्या वाटांनी मुंग्या खोल जाऊ शकतात आणि उथळ खड्डा रिकामा निघतो. पावसाळ्यात तीच माती फुगते, चाळणीला चिकटते आणि चाळण्याची पद्धत निरुपयोगी होते. म्हणून या मातीत पाऊस उलटल्यावर, वाफसा आला असता खणावे, ढेकळे धुऊन काढावीत आणि उष्णतेवर भिस्त ठेवू नये. मुरमाड टेकडीवर याच्या उलट : तेथे पहार लागते, चाळणी उत्तम चालते, पण मुंगी दगडाखाली व फटींत असल्यामुळे चौकोनी खड्ड्याचा हिशेब बिघडतो. एकच पद्धत दोन्ही ठिकाणी काटेकोरपणे वापरली, तर दिसणारा फरक मुंग्यांचा की मातीचा, हे सांगता येणार नाही.

याहून गंभीर बाब हवेली शेतीची आहे. जबलपूर, नरसिंहपूर, दमोह या पट्ट्यात शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालून पावसाळाभर पाणी तुंबवून ठेवण्याची जुनी रीत होती. पावसाळा सरताच पाणी सोडून देत आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घेत. गेल्या काही दशकांत सोयाबीन व इतर खरीप पिकांच्या प्रसाराबरोबर ही रीत मागे हटली. सोयाबीनच्या या प्रसारात जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचा वाटा मोठा आहे. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहणारी माती आता त्याच काळात नांगराखाली आणि मुळांखाली असते. या बदलाने जमिनीतील मुंग्यांचे काय झाले? आलेल्या किती आणि गेलेल्या किती? डोरिलस ओरिएन्टॅलिससारखी मुंगी बटाट्याच्या कंदाला भोके पाडून उत्तर व ईशान्य भारतातील शेतकऱ्याचे नुकसान करते. तर दुसऱ्या कित्येक मुंग्या माती भुसभुशीत करतात आणि वाळवीला आवर घालतात. म्हणून हा प्रश्न केवळ यादीचा नाही. जेथे जेथे जुनी हवेली अद्याप टिकून आहे, तेथे तेथे ती मोडण्यापूर्वी बांधात, बांधालगत आणि शेताच्या मध्यभागी खणून नोंद करून ठेवणे, हे आज करण्याजोगे काम आहे. शेत एकदा बदलले की मागची माती पुन्हा खणता येत नाही.

५. मोजणी आणि नोंद

मुंगी समूहाने राहते. एका कुदळीत घरटे सापडले तर हजार मुंग्या मिळतील. कुदळ वीतभर बाजूला पडली तर एकही नाही. म्हणून मुंग्या मोजू नयेत. किती नमुन्यांत ती जाती आढळली, हे मोजावे. समजा, तीस खड्ड्यांत मिळून १८ जाती आढळल्या. त्यांपैकी सहा जाती एकाच खड्ड्यात आणि तीन जाती दोनच खड्ड्यांत आढळल्या. संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या सूत्राच्या सोप्या रूपाप्रमाणे सहाचा वर्ग छत्तीस, त्याला तीनच्या दुपटीने भागले असता सहा. म्हणजे निदान आणखी सहा जाती नजरेतून सुटल्या असाव्यात. एकदाच भेटणाऱ्या जाती जितक्या अधिक, तितका शोध अपुरा, हे या सूत्राचे मर्म आहे.

परंतु या सूत्रालाही योग्यतेची अट लागू आहे. जी जाती त्या पद्धतीच्या टप्प्यात येऊ शकते, तिच्यापुरताच हा अंदाज खरा. पृष्ठभागावर हजार पेले पुरले, तरी एक मीटर खाली राहणारी मुंगी त्या हिशेबात कधीच येणार नाही. उलट शोध पूर्ण झाला, असा खोटा दिलासा मात्र मिळेल.

यातून नोंदीची शिस्त निघते. प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. तीवर स्थळ, दिनांक, खोली, मातीचा प्रकार आणि पद्धत ही पाच कलमे असावीत. ज्या खड्ड्यात काहीच मिळाले नाही, त्याचीही नोंद तितक्याच काळजीने करावी. किंबहुना रिकाम्या खड्ड्याची नोंद हीच अधिक मोलाची, कारण पुढे कोणी ‘नाही’ म्हणेल ते तिच्याच आधारावर.

६. समारोप

भूतलाखालच्या मुंग्या शोधण्याची एकच निर्दोष पद्धत नाही. खणणे खोली सांगते पण थोडेच पाहते. उष्णता चपळांना बाहेर काढते आणि मंदांना कोंडते. आमिष भुकेल्यांना बोलावते. दिवा नर दाखवितो, पण घर दाखवीत नाही. या साक्षी एकत्र ठेवल्या, तरच एका मुंगीची तीन नावे पुन्हा एक होतात. अनेक पद्धती वापरणे हा म्हणून श्रमांचा अपव्यय नव्हे. अनुपलब्धीला योग्यता आणण्याचा तोच मार्ग आहे.

विद्यार्थ्याने आपल्या अहवालात ‘येथे भूमिगत मुंग्या नाहीत’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : असत्या, तर या साधनाने, या ऋतूत, या खोलीवर त्या दिसल्या असत्या काय? उत्तर होकारार्थी असेल तर ते वाक्य लिहावे. नसेल, तर किती खड्डे, किती खोल, कोणत्या महिन्यात खणले, एवढेच लिहावे आणि पुढील खणणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवावी.